मेलबर्नमध्ये बिऱ्हाड मांडताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

आम्ही नाशिकहून मेलबर्नला आलो तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. येऊन सहा महिने होत आले असताना मी लायसन्सच्या कामासाठी एका काउंटरवर उभी होते. पासपोर्ट होता, व्हिसा होता, लग्नाचा दाखलाही होता. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमच्या नावावर इथला पत्ता असलेला एखादा कागद?" नव्हता. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर, इंटरनेट त्याचं, बँकेचं खातंही त्याचंच. दिवसाचे चोवीस तास मी त्या घरात राहत होते, पण कागदावर माझा पत्ताच नव्हता. हात हलवत परत आले.

म्हणून नव्या कुटुंबांना मी आधी दोनच गोष्टी सांगते. पहिली, इथे एका कागदावर दुसरा कागद मिळतो, तेव्हा कामांचा क्रम चुकवू नका. दुसरी, पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागदावर नवरा-बायको दोघांची नावं घाला. नोकरी कोणाची का असेना. पुढे जे लिहिलंय ते मेलबर्नचं, म्हणजे व्हिक्टोरिया राज्याचं आहे. सिडनी, ब्रिस्बेन, पर्थला शाळा, भाडं आणि लायसन्सचे नियम वेगळे आहेत; तिथल्या लोकांनी क्रम घ्यावा, तपशील आपापल्या राज्याचे बघावेत.

तिकडून निघण्याआधी

नावं तपासा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. कुठे ते असतं, कुठे गाळलेलं असतं, तर कुठे आडनाव लग्नाआधीचं असतं. इथे बँक, टॅक्स ऑफिस, मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) सगळे पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघतात. पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव सगळीकडे लिहायचं हे घरात ठरवून टाका आणि इंग्रजीतला लग्नाचा दाखला जवळ ठेवा.

मुलांची लसीकरणाची वही, शाळेचे निकालपत्रक, दाखला, दोघांची अनुभवपत्रं आणि आरटीओकडून लायसन्स किती वर्षांपासून आहे याचा उतारा आणा. हा शेवटचा कागद बहुतेक जण विसरतात आणि मग इथून नाशिक-पुण्याच्या भावाला हेलपाटे घालायला लावतात. दातांची कामं उरकून या. मेडिकेअर मोठ्यांच्या दातांचा खर्च देत नाही आणि इथल्या दंतवैद्याचं बिल नव्या कुटुंबाचं महिन्याचं गणित मोडतं. चष्म्याची एक जादा जोडी घ्या. कुकरच्या दोन रिंगा आणि एक शिट्टी आणा. कुकर नवा घेणार असाल तर इंडक्शनवर चालेल असा, सपाट बुडाचा स्टीलचा घ्या. इथे बऱ्याच घरांत गॅस नसतो. मिक्सर आपलाच चालतो, कारण व्होल्टेज इथेही २३० आहे, फक्त पिन वेगळी.

लहान मुलाची कारसीट मात्र तिकडून अजिबात आणू नका. इथे फक्त ऑस्ट्रेलियन मानकाचा शिक्का असलेली सीट कायद्याला चालते, बाकी कितीही महागडी असो.

विमानतळावर

खाण्याचं, झाडापानाचं, लाकडाचं काहीही बॅगेत असेल तर प्रवाशाच्या कार्डावर 'हो' लिहा. मसाले, पापड, लोणचं, लाकडी पोळपाट, पूजेची सुपारी, सगळ्याला 'हो'. 'हो' लिहिल्यावर फार तर एखादी वस्तू काढून घेतील. लपवून सापडलं तर दंड होतो, आणि तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. दुधाची मिठाई, ताजा कढीपत्ता, बियाणं आणि माती आणूच नका. शाडूच्या कच्च्या मातीची गणपतीची मूर्तीही मातीच, हे लक्षात ठेवा. रोजची औषधं तीन महिन्यांपुरती, मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

पहिला आठवडा

आल्या आल्या मोबाइलची सिम कार्डं घ्या. दोन, कारण प्रत्येक सरकारी खात्याचा कोड फोनवर येतो. ईमेलही दोघांचे वेगळे.

मग बँक. कॉमनवेल्थ, वेस्टपॅक, नॅब, एएनझेड या चार मोठ्या बँका, कुठलीही चालेल. एक खातं दोघांचं जॉइंट आणि एकेक स्वतःचं काढा, पत्ता मिळाला की तो दोघांच्याही नावावर नोंदवा.

त्याच दिवशी टॅक्स फाइल नंबरसाठी अर्ज करा, त्याला सगळे टीएफएन म्हणतात. टॅक्स ऑफिसच्या वेबसाइटवर अर्ज फुकट होतो. पैसे मागणाऱ्या साइट दलालांच्या आहेत. नंबर टपालाने यायला २८ दिवसांपर्यंत लागतात. नंबर येण्याआधी नोकरी सुरू करता येते, पण तो दिलाच नाही तर पगारातून सर्वात वरच्या दराने टॅक्स कापतात. नोकरी नसलेल्या जोडीदाराचाही टीएफएन आत्ताच काढा. कामाची संधी आली की पहिल्याच दिवशी तो मागतात.

परमनंट रेसिडेन्सी घेऊन आला असाल तर लगेच मेडिकेअरमध्ये नोंद करा. ४८२ सारख्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर भारतीय पासपोर्टवाल्यांना मेडिकेअर मिळत नाही. खासगी विमा घ्यावाच लागतो, व्हिसाची अटच आहे. इथे राहून परमनंटचा अर्ज केला की बऱ्याच जणांना मेडिकेअर मिळू शकतं, तेव्हा अर्ज केल्याच्या आठवड्यात चौकशी करा.

आणि एक गैरसमज. 'ऑस्ट्रेलियात सरकार पैसे देतं' असं ऐकून कुणी बजेट बांधत असेल तर थांबा. परमनंट असलात तरी बहुतेक सरकारी भत्त्यांसाठी चार वर्षं थांबावं लागतं. पाळणाघराची सबसिडी मात्र परमनंट रेसिडेंटना लगेच मिळू शकते. तात्पुरत्या व्हिसावर बहुतेकांना तीही नाही.

घर शोधणं

सगळ्यात जास्त दमछाक इथेच होते, म्हणून सावकाश सांगते.

पहिले तीन-चार आठवडे राहायची तात्पुरती सोय करून या. भारतात बसून घर पक्कं करू नका. घर न दाखवता डिपॉझिट मागणारा प्रत्येक माणूस ठग समजा, त्याचं कारण कितीही पटण्यासारखं असू दे.

भाडं इथे आठवड्याचं लिहितात आणि महिन्याला भरतात. ५५० डॉलर आठवडा म्हटलं की आपण पटकन चारने गुणतो आणि २,२०० धरतो. हिशोब तसा नाही. ५५० गुणिले ५२ भागिले १२, म्हणजे २,३८३ डॉलर. दरमहा हा १८३ डॉलरचा फरक पहिल्या वर्षी चांगलाच जाणवतो.

घर निवडण्याआधी शाळा निवडा. सरकारी शाळेला झोन असतो, पत्ता झोनमध्ये असेल तर प्रवेश हक्काने. व्हिक्टोरिया सरकारच्या 'फाइंड माय स्कूल' नकाशावर पत्ता टाकला की कुठली शाळा ते दिसतं. आम्ही आधी घर घेतलं आणि मनातली शाळा रस्त्याच्या पलीकडच्या झोनमध्ये निघाली.

आपली मंडळी पश्चिमेला टारनिट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, वेरिबीला बरीच आहेत. आग्नेयेला क्लेटन आणि डँडेनाँगच्या बाजूला भारतीय दुकानं जुनी आहेत. पण ओळखीच्या वस्तीपेक्षा रेल्वे स्टेशनचं अंतर महत्त्वाचं माना. घरात गाडी एकच असेल आणि ती रोज कामावर जाणार असेल, तर मागे राहणाऱ्या माणसाला स्टेशन, दुकान, लायब्ररी, शाळा हे सगळं पायी गाठता यायला हवं. पहिला हिवाळा त्या माणसाने घराच्या चार भिंतींत काढायचा की नाही, ते या निवडीवर ठरतं.

जाहिराती 'रिअलएस्टेट' आणि 'डोमेन' या साइटवर असतात. घर बघायला पंधरा मिनिटं देतात, सोबत दहा-पंधरा कुटुंबं असतात. त्या पंधरा मिनिटांत हीटर चालू करून बघा, नळ सोडून गरम पाणी किती वेळात येतं ते बघा, ओव्हन उघडा, फोनचं नेटवर्क तपासा. आणि खिडक्यांची दिशा बघा. इथे दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून येतो. उत्तरेला खिडकी असलेली खोली जुलैत उबदार राहते. आपल्याकडचा पूर्व-पश्चिमेचा हिशोब इथे कामाचा नाही.

अर्जाला जोडायचे कागद आधीच एका फोल्डरमध्ये ठेवा: दोघांचे पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं पत्र, बँकेतली शिल्लक, तिकडच्या घरमालकाचं किंवा साहेबांचं इंग्रजी पत्र. इथे भाड्याचा इतिहास नाही म्हणून अर्ज मागे पडतात. आमचे सात पडले. आठव्याच्या वेळी मी एका पानाचं साधं पत्र जोडलं, आम्ही कोण, मुलगा केवढा, किती दिवस राहणार. ते घर मिळालं. पत्रामुळेच मिळालं असं म्हणवत नाही, पण जोडा. जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त देऊ करायचा मोह आवरा. व्हिक्टोरियात एजंटला ते मागताही येत नाही आणि घेताही येत नाही.

करारावर दोघांची नावं. एजंट म्हणेल, पगार एकाचाच आहे तर एकच नाव पुरे. तरी दोन्ही घालायला सांगा.

डिपॉझिटला इथे बाँड म्हणतात. साधारण एका महिन्याचं भाडं. ते घरमालकाकडे राहत नाही, सरकारच्या बाँड अथॉरिटीकडे जमा होतं आणि तुम्हाला त्याची पावती येते. पावती आली नाही तर विचारा.

किल्ल्यांबरोबर कंडिशन रिपोर्ट हाती पडतो, घर कुठे कसं आहे याची यादी. तो भरून सही करून परत द्यायला पाच कामाचे दिवस मिळतात. सामान लावायच्या आधी हे काम करा. मी प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, कार्पेटवरचा प्रत्येक डाग, ओव्हनचा आतला भाग, कपाटांच्या बिजागऱ्या, पडद्यांच्या दोऱ्या असे दीडशेच्या वर फोटो काढले होते. दोन वर्षांनी घर सोडताना बेडरूमच्या कार्पेटवरच्या डागासाठी एजंटने बाँडमधून पैसे कापायचं पत्र पाठवलं. मी तारखेसह फोटो पाठवला. पूर्ण बाँड परत आला.

स्वयंपाकाच्या ओट्याबद्दल एक. पांढरा दगडी ओटा दिसायला सुरेख असतो, पण हळद पडून पाच मिनिटं राहिली की डाग जाता जात नाही. फोडणीच्या डब्याखाली कायमचा ट्रे ठेवा.

आणि फोडणीचं आणखी एक. प्रत्येक घरात छताला धुराचा अलार्म असतो. मोहरी-हिंगाच्या धुराने तो हमखास ओरडतो. फोडणी घालायच्या आधी चिमणी पूर्ण वेगाने चालू करा आणि खिडकी उघडा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर धूर घालवायला कॉरिडॉरचा दरवाजा कधीही उघडू नका. धूर तिथल्या अलार्मला लागला की सगळी इमारत खाली उतरते, अग्निशमन दलाची गाडी येते आणि तिचं बिलही येऊ शकतं. कंटाळून अलार्म काढून ठेवू नका. हिवाळ्यात हीटरपाशी वाळत घातलेल्या कपड्यांनी खरंच आगी लागतात.

घर रिकामं मिळतं. फ्रिज नाही, वॉशिंग मशीन नाही, पंखाही नाही. सगळं नवं घेऊ नका. फेसबुक मार्केटप्लेस, गमट्री आणि धर्मादाय संस्थांची ऑप शॉप, म्हणजे जुन्या वस्तूंची दुकानं, यांवर निम्मा संसार उभा राहतो. वीज-गॅससाठी सरकारची 'व्हिक्टोरियन एनर्जी कम्पेअर' साइट बघा आणि खातं दोघांच्या नावाने उघडा.

कचऱ्याच्या डब्यांची झाकणं रंगीत असतात. पिवळं पुनर्वापराला, पोपटी ओल्या कचऱ्याला, लाल बाकी सगळ्याला, काही ठिकाणी काचेसाठी जांभळंही. कुठला डबा कुठल्या आठवड्यात, ते कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कॅलेंडरवर असतं.

मुलांची शाळा

शाळेचं वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरात संपतं. चार टर्म, मध्ये दोन-दोन आठवड्यांची सुट्टी. जूनमध्ये तिकडे नवीन इयत्तेत गेलेलं मूल इथे वर्षाच्या मध्यात येतं, त्यामुळे सहा महिने मागे किंवा पुढे बसवतात. त्याने काही बिघडत नाही. वयाप्रमाणे बसू द्या. पहिलीच्या आधीच्या वर्गाला इथे प्रेप म्हणतात आणि त्यासाठी त्या वर्षी ३० एप्रिलपर्यंत पाच पूर्ण लागतात.

प्रवेशाला भाडेकरार, पासपोर्ट-व्हिसा आणि लसीकरणाचं ऑस्ट्रेलियन स्टेटमेंट लागतं. आपली वही चालत नाही. जीपीकडे (आपल्या फॅमिली डॉक्टरसारखा) किंवा कौन्सिलच्या नर्सकडे वही नेली की ते सगळ्या लसी राष्ट्रीय रजिस्टरमध्ये चढवतात आणि राहिलेल्या देतात. हे काम पहिल्या दोन आठवड्यांतच उरका. शाळा आणि किंडर (बालवाडी) दोन्ही या कागदावर अडतात. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर तुमच्या व्हिसाच्या प्रकाराला फी लागते का, हे शाळेत लेखी विचारून घ्या. इंग्रजी कच्चं असेल तर नव्याने आलेल्या मुलांसाठी सरकारी इंग्रजी भाषा शाळा आहेत, जिथे काही महिने शिकून मूल नेहमीच्या शाळेत जातं. त्यात कमीपणा नाही.

आता डबा. माझ्या मते नव्या मराठी घराने सर्वात आधी शिकायची गोष्ट हीच आहे. आपला अर्धा स्वयंपाक दाण्याच्या कुटावर उभा आहे. कोशिंबिरीत कूट, खिचडीत कूट, भरल्या वांग्यात कूट, थालीपीठाबरोबर दाण्याची चटणी. पहिल्या आठवड्यात मी मुलाला थालीपीठ आणि चटणी दिली. दुपारी बाईंनी डबा पिशवीत बांधून परत दिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, वर्गात एका मुलीला शेंगदाण्याची जीवघेणी अॅलर्जी आहे, तिच्यासाठी औषधाचं इंजेक्शन वर्गात कायम तयार ठेवलेलं असतं. मी घरी येऊन रडले. कुणी रागावलं म्हणून नाही, त्या मुलीच्या विचाराने. तेव्हापासून डब्याचं पीठ, चटणी, पोळपाट सगळं वेगळं.

डब्याचे तीन भाग करतात: सकाळी फळ किंवा कापलेली काकडी-गाजर, मग सुटीचा खाऊ, मग जेवण. जेवायला दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि गरम करायची सोय नसते. थंड झाल्यावर ताठ होणारी पोळी-भाजी परत येते. इडलीचे तुकडे, पोळीचा तूप-साखरेचा किंवा बटाट्याचा रोल, धिरडं, दहीभात चालतो. मुलाला डबा स्वतः उघडता आणि बंद करता येतो ना, हे घरी करून बघा. आपले स्टीलचे घट्ट डबे पाच वर्षांच्या हाताने उघडत नाहीत आणि मूल लाजून न खाताच बसतं.

मोठ्या काठाची टोपी ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेर लागते. टोपी नसेल तर खेळायला सोडत नाहीत, सावलीत बसवतात. युनिफॉर्म शाळेतल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून घ्या.

तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी व्हिक्टोरियात फ्री किंडर आहे, त्याची नोंदणी बऱ्याच ठिकाणी कौन्सिलमध्ये, आदल्या वर्षीच होते. पाळणाघर मात्र दिवसाला शंभर डॉलरच्या वर जातं. जोडीदाराने नोकरी घ्यायची की नाही, हे ठरवताना हा आकडा मांडून बघा, पण फक्त याच आकड्यावर निर्णय घेऊ नका. दोन वर्षं घरी बसल्यावर परत उभं राहणं किती अवघड जातं, ते मी बघितलंय.

आजारपण

इथे थेट स्पेशालिस्टकडे जाता येत नाही; आधी जीपी, मग त्याची चिठ्ठी. घराजवळचा जीपी आजारी पडण्याआधीच धरा. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा, "बल्क बिलिंग करता का?" करत असतील तर मेडिकेअर कार्डावर खिशातून काही जात नाही, नसेल तर वरचा फरक भरायचा. मेडिकेअर असलेल्यांना सरकारी यादीतलं औषध १ जानेवारी २०२६ पासून जास्तीत जास्त २५ डॉलरला मिळतं.

तातडीला तीन शून्य, ०००. पण अॅम्ब्युलन्स मेडिकेअरमध्ये येत नाही आणि एका फेरीचं बिल हजार डॉलरच्या वर जातं. अॅम्ब्युलन्स व्हिक्टोरियाची कुटुंबाची वार्षिक वर्गणी त्यामानाने अगदी थोडी आहे. आज भरा. खासगी विमा असेल तर त्यात अॅम्ब्युलन्स आहे का ते आधी बघा.

मुलाने चुकून काही गिळलं तर विषबाधा सल्ल्याचा नंबर १३ ११ २६, फ्रिजवर लावा. घरातल्या कुणाला इंग्रजी जमत नसेल तर १३१ ४५० वर दुभाषा मिळतो. डॉक्टरकडेही मागता येतो, आणि सासू-सासऱ्यांच्या आजारपणात नातवंडांना दुभाषा करण्यापेक्षा तोच बरा.

गाडी

भारतीय लायसन्सवर व्हिक्टोरियात पहिले सहा महिने चालवता येतं. त्यानंतर इथलं हवं: नियमांची परीक्षा, संगणकावरची धोके ओळखण्याची परीक्षा, मग प्रत्यक्ष रस्त्यावरची. तारखा लवकर मिळत नाहीत, तेव्हा तिसऱ्या महिन्यात सुरुवात करा. दोघांनीही.

तिकडे पंधरा वर्षं गाडी चालवली असेल तरी इथल्या शिक्षकाकडे चार-पाच धडे घ्या. आपली माणसं परीक्षेत ठरावीक ठिकाणी अडतात. लेन बदलताना आरशात बघतात, पण मान वळवून खांद्यावरून बघत नाहीत. 'स्टॉप' पाटीला चाकं पूर्ण थांबवत नाहीत, वेग कमी करून पुढे सरकतात. शाळेजवळ ४० चा वेग विसरतात. राउंडअबाउटला आधीच आत असलेल्या गाडीला वाट द्यायची, जो आधी घुसेल त्याची पाळी असं नाही. फोनला सिग्नलवर उभं असतानाही हात लावायचा नाही. कॅमेरे वरून गाडीच्या आत बघतात आणि दंड जबर आहे.

जुनी गाडी घेताना रोडवर्दी सर्टिफिकेट (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला) मागा आणि पीपीएसआरच्या सरकारी साइटवर दोन डॉलर भरून तिच्यावर कर्ज आहे का ते तपासा. रजिस्ट्रेशनमध्ये माणसांच्या इजेचा विमा असतो, समोरच्याच्या गाडीच्या नुकसानीचा नसतो. तो वेगळा घ्या, पहिल्याच दिवशी.

नोकरी, दुसऱ्या माणसाची

मुख्य अर्जदाराची नोकरी लागते. मागे राहतो जोडीदार, बहुतेक वेळा बायको, तिकडे दहा वर्षं नोकरी केलेली. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांची नोंदणी 'आप्रा' या देशपातळीवरच्या संस्थेकडे, शिक्षकांची राज्याच्या शिक्षक मंडळाकडे. या कामाला महिनोन् महिने लागतात, तेव्हा मूल शाळेत रुळायची वाट बघू नका. रेझ्युमेवर फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय का, यातलं काही लिहायचं नाही. इथला संदर्भ देणारा माणूस हवा असतो. तो मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे शाळेत, लायब्ररीत स्वयंसेवक होणं. त्यासाठी लागणारी मुलांबरोबर काम करण्याची परवानगी स्वयंसेवकांना फुकट मिळते. परमनंट व्हिसावर इंग्रजी सुधारायचं असेल तर सरकारचे एएमईपी वर्ग मोफत आहेत.

मिळेल ते पहिलं काम घ्यायला हरकत नाही, पण पगाराची पावती घ्या. १ जुलै २०२५ पासून किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर आहे आणि त्यावर १२ टक्के सुपर, म्हणजे निवृत्तीचा निधी, मालकाने वेगळा भरायचा असतो. रोख हातात देतो, पावती नाही, सुपर नाही असं म्हणणारा आपल्या भाषेत बोलणारा असला तरी तिथे राहू नका. फेअर वर्क, म्हणजे कामगारांच्या हक्कांचं सरकारी खातं, त्याचा नंबर १३ १३ ९४. तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

आणखी एक नंबर इथेच लिहिते, १८०० ७३७ ७३२. घरात मारहाण होत असेल, पैसे-पासपोर्ट काढून घेतले असतील, 'तुझा व्हिसा रद्द करीन' अशी धमकी असेल, तर या नंबरवर दिवसरात्र बोलता येतं, दुभाषाही मिळतो. व्हिसा देणं-काढणं सरकारच्या हातात असतं, नवऱ्याच्या नाही.

टॅक्सचं वर्ष जुलै ते जून. रिटर्न स्वतः भरत असाल तर ३१ ऑक्टोबरपर्यंत. परमनंट झाल्यावर भारतातल्या मुदत ठेवींचं व्याज आणि घरभाडंही त्यात दाखवायचं असतं.

पाणी

समुद्रावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. झेंडे नसतील तर पाण्यात जाऊ नका. वर शांत दिसणारं पाणी खालून माणसाला आत ओढून नेतं, आणि पोहता न येणारी नवी माणसं दर उन्हाळ्यात बुडतात. मुलांना कौन्सिलच्या तलावावर पोहणं शिकवा. शिकवणीची यादी बनवताना गणित, बुद्धिबळ, अबॅकस सगळ्याच्या आधी हे लिहा. तुम्हाला येत नसेल तर तुम्हीही शिका. मी अडतिसाव्या वर्षी शिकले.

आई-बाबा येतात तेव्हा

व्हिजिटर व्हिसाच्या पत्रात ८५०३ ही अट आहे का ते बघा. असेल तर इथे बसून व्हिसा वाढवता येत नाही. मेडिकेअर त्यांना नाही, म्हणून चांगला विमा घ्या, जुन्या आजारांचं कलम वाचून. मेलबर्नचं घड्याळ हिवाळ्यात भारताच्या साडेचार तास पुढे असतं, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच तास. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा त्याप्रमाणे डॉक्टरला विचारून बसवा.

माझी आई आली तेव्हा तिसऱ्या दिवशी एकटी फिरायला बाहेर पडली आणि परतताना गल्ली चुकली. सगळी घरं सारखी, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कुणाला विचारणार? चाळीस मिनिटं ती एका बसस्टॉपवर बसून होती. आता ती यायच्या आदल्या दिवशी मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर घराचा पत्ता, माझा नंबर, तिच्या गोळ्यांची नावं आणि ००० लिहिते, एका बाजूला इंग्रजीत, एका बाजूला मराठीत. चिकटपट्टीने पक्कं करून तिच्या पर्समध्ये, कुंकवाच्या डबीशेजारी ठेवते.